थरथर थांबली, पण आता माणूस थांबेना

(वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं)

मागच्या अंकात पार्किन्सन्सच्या ऑपरेशनबद्दल, म्हणजे डीबीएसबद्दल (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) थोडं लिहिलं होतं. मेंदूत दोन बारीक तारा बसवतात, छातीत कॉलरबोनखाली पेसमेकरसारखी बॅटरी बसवतात आणि त्यातून सतत हलका करंट जातो, एवढंच सांगितलं होतं. त्यावर जी पत्रं आली त्यात हातापायांबद्दल फारसं कोणी विचारलेलं नाही, जवळपास सगळ्यांनी स्वभावाबद्दल विचारलंय. त्यातली चार घेतेय. ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.

प्रश्न : डॉक्टर, माझे मिस्टर ६२ वर्षांचे आहेत, पार्किन्सन्स होऊन ९ वर्षं झाली. सात महिन्यांपूर्वी डीबीएस केलं. देवाच्या कृपेने हात थांबले, स्वतःच्या हाताने चहा पितात, शर्टाची बटणं लावतात. पण माणूस बदललाय हो. आयुष्यभर बँकेत नोकरी केलेली, भाजी घेतानासुद्धा चार गाड्यांवर भाव विचारून येणारे, त्यांनी गेल्या महिन्यात जाहिरात बघून फोनवरच एनए प्लॉट बुक केला, ५१ हजार टोकन भरून मोकळे, मला संध्याकाळी कळलं. रस्ता ओलांडताना गाडी येताना दिसते तरी पाऊल टाकतात. खुर्चीतून ताडकन उठतात, काठी घ्यायचं भान नाही, दोनदा पडले. जावयाला भरल्या ताटावर असं काही बोलले की तो उठूनच गेला. मुलगा म्हणतो बाबांना म्हातारचळ लागलाय. ज्या डॉक्टरांनी एवढं छान ऑपरेशन केलं त्यांना हे सांगायची लाज वाटते. हे ऑपरेशनमुळे झालं का? आणि करंट कमी केला तर हात परत थरथरतील का? (एक भगिनी, सातारा जिल्हा)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सगळ्यात आधी मुलाला सांगा की म्हातारचळ हा शब्द परत घरात वापरायचा नाही. तुमच्या मिस्टरांनी जे केलं त्याला मेंदूतलं कारण असू शकतं आणि त्यावर बऱ्याचदा उपाय करता येतो.

आता कारण सांगते, थोडं लांबेल पण वाचा, कारण हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. पार्किन्सन्सच्या डीबीएसमध्ये तार बहुतेक वेळा सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या जागी ठेवतात. मेंदूच्या अगदी आत, दोन्ही बाजूंना एक एक, मसुराच्या दाण्यासारख्या आकाराची, सगळ्यांच्याच मेंदूत असणारी पेशींची गाठ, लांबी जेमतेम काही मिलिमीटर. पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं आणि ही गाठ गरजेपेक्षा जास्त काम करायला लागते, हालचालींना सारखा ब्रेक लावत राहते, म्हणून पाय जमिनीला चिकटतात, हात जड होतात. सेकंदाला साधारण १३० वेळा करंट दिला की तिचं हे कामकाज बदलतं आणि ब्रेक सुटतो. फ्रान्समधल्या ग्रेनोब्ल शहरात आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये थरथरीसाठी या पद्धतीची सुरुवात केली तेव्हा तार थॅलॅमस नावाच्या मेंदूतल्या दुसऱ्या भागात होती, या मसुराच्या दाण्यापर्यंत ते १९९० नंतर पोचले.

पण ताई, हा दाणा नुसता हातापायांचा ब्रेक नाहीये. आपल्यासमोर दोन गोष्टी येतात आणि दोन्ही हव्याशा वाटतात, किंवा मोह पण होतोय आणि धोका पण दिसतोय, तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागातून थेट या गाठीकडे निरोप जातो की थांब, जरा बघू. बैल उधळायला लागला की गाडीवान कासरा ओढतो ना, तसा तो एक क्षण असतो. त्या क्षणात आपण भाव विचारतो, गाडी जाऊ देतो, जिभेवर आलेला शब्द गिळतो.

२००७ मध्ये अमेरिकेत मायकेल फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फार छान पद्धतीने तपासलं. डीबीएस झालेल्या पेशंट्सना कॉम्प्युटरवर अनोळखी जपानी अक्षरांच्या जोड्या दाखवल्या, त्यात कुठलं अक्षर जास्त वेळा बरोबर निघतं ते अनुभवातून शिकायचं. मग जोड्या मोडून नवीन जोड्या लावल्या. जिथे दोन्ही अक्षरं चांगली, म्हणजे निवड अवघड, तिथे निरोगी माणूस आपोआप जरा वेळ घेतो. करंट बंद असताना पेशंटही वेळ घेत होते. करंट चालू केला की त्याच लोकांचं हे थबकणं गेलं, उलट अवघड निवडीत ते घाई करायला लागले. गोळ्यांमुळे असं होत नव्हतं, गोळ्यांचा परिणाम वेगळा होता, त्यांच्यामुळे फटका बसल्यावर त्यातून शिकणं कमी झालं होतं. म्हणजे घाई करणारी वाट वेगळी आणि तोट्यातून न शिकणारी वाट वेगळी, आणि काही पेशंट्समध्ये दोन्ही एकदम असतात.

आता तुमच्या मिस्टरांकडे बघा. प्लॉट, रस्ता, खुर्ची, जावई. चारही ठिकाणी तो कासरा ओढायचा क्षणच निसटलाय. त्यांना गाडी दिसते हे तुम्हीच लिहिलंय. दिसतं, कळतं, पण पाऊल आधी पडतं. उचलली जीभ लावली टाळ्याला असं आपण म्हणतो तेव्हा माणसाला दोष देतो, इथे तसा दोष देता येणार नाही.

सगळ्याच पेशंट्सना असं होत नाही, आणि ज्यांना होतं त्यांच्यात तार नेमकी कुठे आहे आणि कुठल्या टप्प्यातून करंट जातोय याला खूप महत्त्व असतं. त्या दाण्याच्या वरच्या-मागच्या भागात हालचालींचं काम चालतं आणि खालच्या-आतल्या भागात भावना, मोह, बक्षीस यांचं. तारेच्या टोकाशी करंट सोडणारे चार (नवीन तारांमध्ये जास्त) टप्पे असतात, आणि सगळ्यात खालचा टप्पा वापरला किंवा करंट वाढवला की तो खालच्या भागात सांडू शकतो. कधीकधी तर नुसती घाई नाही, माणूस अति उत्साही होतो, झोप कमी, बडबड जास्त, मोठमोठे प्लॅन, त्याला हायपोमेनिया म्हणतात, आणि तसं असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करायचा, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

हात परत थरथरतील का? बहुतेक वेळा मधली वाट निघते. वरचा टप्पा निवडायचा, करंट थोडा उतरवायचा, तारेत सोय असेल तर त्याची दिशा बदलायची, पुन्हा ऑपरेशन न करता खोलीत बसून होणाऱ्या गोष्टी आहेत. थोडी थरथर परत आलीच तर गोळ्यांनी सांभाळता येते का ते बघतात. त्यांच्या गोळ्यांची यादी पण बरोबर न्या, प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल अजून चालू असेल तर तेही कारण असू शकतं (पुढच्या उत्तरात सांगितलंय).

आणि लाज वाटते म्हणालात, त्याबद्दल मला अगदी मनापासून सांगायचंय. प्रोग्रामिंगच्या, म्हणजे मशीनचं सेटिंग ठरवायच्या खोलीत आम्ही करंट वाढवतो तेव्हा थरथर काही सेकंदांत थांबलेली दिसते, ताठरपणा गेलेला हाताला लागतो. निर्णय घ्यायची पद्धत बदलली हे त्या खोलीत दिसत नाही, तिथे कोणी प्लॉट विकत नसतं, तिथून ट्रक जात नसतो. पेशंट समोर व्यवस्थित बसून म्हणतो मस्त आहे डॉक्टर, आणि आम्ही खूश होऊन पुढची तारीख देतो. बदललेला माणूस तुमच्या घरात दिसतो, आमच्या ओपीडीत नाही. त्यामुळे तुम्ही जे बघताय ती तक्रार नाही, ती तपासणी आहे, आणि तुमच्याशिवाय ती करणारं दुसरं कोणी नाही. एक वही करा, तारीख टाकून लिहा, काय घडलं, किती वाजता, त्या आधी गोळी कधी घेतली होती, आणि करंट किंवा डोस शेवटचा कधी बदलला त्या तारखेला खूण करा. बऱ्याचदा वहीवरूनच लक्षात येतं की अमुक तारखेला सेटिंग बदललं आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत हे सुरू झालं.

घरचा रिमोट घेऊन स्वतः करंट बंद करू नका, एवढं मात्र नक्की पाळा. मशीन अचानक बंद पडलं तर शरीर एकदम ताठ होऊन जिवावर बेतू शकतं. पैशांसाठी बँकेत खातं दोघांच्या सहीवर करून घ्या आणि मोबाईलच्या पेमेंटची लिमिट कमी ठेवा, पण त्यांना बाजूला बसवून, समजावून, त्यांच्या हातूनच करा. घाई सुटलेल्या माणसाला अजून अपमान नको. जावईबापूंना हे उत्तर वाचायला दिलंत तरी चालेल.

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, पार्किन्सन्स ७ वर्षं. चार वर्षांपासून प्रामिपेक्सोल चालू आहे, बाकी सिंडोपा (लेव्होडोपाची गोळी). दीड वर्षापासून रात्र रात्र जागून मोबाईलवर ऑप्शन ट्रेडिंग करतात, ११ लाख गेले, आईचे दागिने गहाण आहेत हे आम्हाला आत्ता कळलं. पूर्वी कधी पत्ते सुद्धा खेळले नाहीत. आता डॉक्टर डीबीएस सुचवताहेत. नातेवाईक म्हणतात मेंदूत तार घातली की हे अजून वाढेल, आगीतून फुफाट्यात पडाल. काय करू? आणि आता सरळ गोळ्या बंद करू का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही, अचानक बंद करू नका. सिंडोपा एकदम थांबवली तर ताप, प्रचंड ताठरपणा, गोंधळ असं होऊन पेशंट आयसीयूत जाऊ शकतो. प्रामिपेक्सोल एकदम तोडलं तर दारू सोडताना होते तशी तगमग, घबराट, घाम, नैराश्य येऊ शकतं. कमी करायचीच आहे, पण डॉक्टरांनी आखून दिलेल्या पायऱ्यांनी, आणि त्यासाठी त्यांना याच आठवड्यात ११ लाखांची गोष्ट सांगावी लागेल. सांगितलीये का? पत्रात तसं दिसत नाही.

प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल, रोटिगोटिन या औषधांना डोपामिन अॅगोनिस्ट म्हणतात. ही डोपामिनची नक्कल करतात आणि मेंदूत मोह-बक्षिसाच्या भागात जे डी३ नावाचे रिसेप्टर (डोपामिन जिथे चिकटतं त्या जागा) आहेत त्यांना जास्त चिकटतात. अमेरिका आणि कॅनडातल्या ३०९० पेशंट्सचा एक मोठा अभ्यास २०१० मध्ये आला, त्यात १३.६ टक्के लोकांना जुगार, अति खरेदी, अति खाणं किंवा लैंगिक अतिरेक यातलं एक तरी होतं. अॅगोनिस्ट घेणाऱ्यांमध्ये १७.१ टक्के, न घेणाऱ्यांमध्ये ६.९ टक्के. म्हणजे साधारण सहा जणांत एक, वडील काही जगावेगळे नाहीत. मुलाला किंवा बायकोला सांगायची सगळ्यात जास्त लाज वाटते ती लैंगिक बाबतीत, म्हणून ते पण विचारून घ्या, किंवा डॉक्टरांनाच एकट्यात विचारायला सांगा.

आता ऑपरेशन. नातेवाईक म्हणतात ते पूर्ण खोटं नाही, वरचं उत्तर वाचलंत तर कळेल. पण तुमच्या वडिलांच्या बाबतीत दुसरी बाजू जास्त वजनदार आहे असं माझं मत आहे. डीबीएस नीट लागलं की गोळ्या बऱ्याच कमी करता येतात, अॅगोनिस्ट कधीकधी पूर्ण बंदही होतं, आणि नाद मुळात गोळ्यांमुळे लागलेला असेल तर तो ओसरू शकतो. जर्मनी आणि फ्रान्समध्ये २५१ पेशंट्सवर एक अभ्यास झाला, अर्ध्यांना डीबीएस आणि गोळ्या, अर्ध्यांना फक्त गोळ्या, दोन वर्षं. पहिले निकाल २०१३ मध्ये आले आणि वागणुकीबद्दलचे २०१८ मध्ये. डोपामिन जास्त झाल्यासारखं वागणं, म्हणजे नाद, अतिरेक, हे डीबीएसवाल्यांमध्ये कमी झालं आणि फक्त गोळ्यांवर असलेल्यांमध्ये वाढलं. फक्त हे निवडक, तुलनेने तरुण पेशंट होते आणि त्यांच्यावर बारीक लक्ष होतं, हे विसरायचं नाही. ऑपरेशन झालं आणि गोळ्या तशाच चालू राहिल्या तर गोळ्यांचं आणि करंटचं असं दोन्ही बाजूंचं ओझं एकाच डोक्यावर येतं, म्हणून आधीच टीमला विचारा की अॅगोनिस्ट कोण, कधी, किती कमी करणार. मानसोपचारतज्ज्ञ किंवा न्यूरोसायकॉलॉजिस्टची भेट ऑपरेशनच्या आधी व्हायलाच हवी, तुमच्या घरी तर नक्कीच. तार सबथॅलॅमिकऐवजी ग्लोबस पॅलिडस या दुसऱ्या जागी ठेवता येते का तेही विचारा, तिथे गोळ्या तेवढ्या कमी होत नाहीत, त्यामुळे नाद गोळ्यांचा असेल तर कुठली जागा बरी यावर टीमने घरच्यांसमोर बोलायला हवं.

अजून एक, कोणी वैद्याकडून किंवा ऑनलाईन मागवून खाजकुइलीची, म्हणजे कवचबीजाची पावडर देत असाल तर डॉक्टरांना सांगा. त्या बीमध्ये नैसर्गिक लेव्होडोपाच असतो, सिंडोपात असतो तोच. घरचे लोक ते औषधात धरत नाहीत आणि डोसचं गणित चुकतं.

ट्रेडिंगचं अॅप काढा, डीमॅट खात्याचं काय करायचं ते वडिलांशी बोलून ठरवा. आणि आईजवळ बसा. दागिने गेले त्यापेक्षा दीड वर्ष लपवलं याचं दुःख त्यांना जास्त असेल.

प्रश्न : आमच्याकडे उलटं आहे. सासऱ्यांचं डीबीएस होऊन पाच महिने झाले. चालतात छान, पण कशातच मन नाही. पूर्वी पहाटे उठून देवपूजा, रेडिओ, नातवाशी बुद्धिबळ. आता विचारलं तर हो म्हणतात, नाही विचारलं तर भिंतीकडे बघत बसतात. गोळ्या जवळजवळ बंद केल्यात. हे नैराश्य आहे का? (सून, ठाणे)

उत्तर : नैराश्य असू शकतं, किंवा ज्याला आम्ही अॅपथी म्हणतो ते असू शकतं, म्हणजे दुःख नाही पण आतून ओढच नाही. पाच महिने आणि गोळ्या जवळजवळ बंद, या दोन गोष्टी वाचूनच शंका आली. फ्रान्समध्ये ६३ पेशंट्सच्या गोळ्या ऑपरेशननंतर खूप कमी करून वर्षभर पाहिलं तेव्हा ३४ जणांना अॅपथी आली, सरासरी ४.७ महिन्यांनी, आणि त्यातल्या निम्म्यांची वर्षाच्या आत गेलीसुद्धा. करंट हातपाय सांभाळतो पण मनाला लागणारं डोपामिन गोळ्यांतून येत होतं, ते एकदम आटलं. बऱ्याचदा थोडा डोस परत वाढवून फरक पडतो, तो डॉक्टरच ठरवतील. थांबू नका मात्र, आणि ते कधी जगण्यात अर्थ नाही असं काही बोलले तर तेवढ्यावरच त्याच दिवशी दाखवा. ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष मनाच्या दृष्टीने सांभाळायचं असतं. रात्री-बेरात्री बोलायला कोणी हवं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. नातवाला म्हणावं पट मांडून समोर बस, आजोबांनी मांडायची वाट बघू नकोस.

प्रश्न : मी स्वतः पेशंट आहे, वय ५६. डीबीएसला वर्ष झालं. मला दहा वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटतंय. मोटारसायकल परत चालवतो, जुने मित्र जमवले, मनात येईल ते बोलतो. घरचे म्हणतात तू बदललास, आम्हाला तुझी भीती वाटते. मला वाटतं त्यांना आजारी आणि गप्प बसणाऱ्या माणसाची सवय झालीये. कोण खरं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला, कारण तुमचं म्हणणं खरं असू शकतं. दहा वर्षं सगळं घर एका हळू माणसाभोवती फिरत होतं, औषधाच्या वेळा बायकोने पाळल्या, बोलणं तिने केलं, निर्णय तिने घेतले. आता तुम्ही उठून उभे राहिलात तर तिच्या दहा वर्षांच्या कामाची जागाच राहिली नाही. डीबीएसनंतर हात सुधारतात आणि संसार मात्र ताणला जातो हे आम्ही बघतो. त्यात कोणाचा दोष नसतो, दोघांनी बसून नवीन घडी बसवायला लागते.

पण दुसरी शक्यता पण तेवढीच खरी आहे आणि ती तुम्हाला आतून जाणवणार नाही. ज्या भागाने थांब म्हणायचं तोच गप्प झाला असेल तर काहीतरी कमी आहे असं वाटत नाही, उलट मोकळं वाटतं. म्हणून नुसतं मला बरं वाटतंय यावर ठरवू नका. बरं वाटणं आणि भीती वाटणं, घरातल्या या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना माहिती म्हणून हव्यात.

असं करा. शब्दांवर वाद घालायचा नाही, घटना मोजायच्या. गेल्या वर्षात मोटारसायकल किती वेळा पडता पडता वाचली, किती पैसे विचार न करता गेले, किती वेळा बोलून झाल्यावर माफी मागावी लागली. तुम्ही तुमच्या कागदावर लिहा, बायकोने तिच्या कागदावर, एकमेकांचं बघायचं नाही. क्विप नावाची एक छोटी प्रश्नावली असते, पेशंटसाठी आणि घरच्यांसाठी, ती डॉक्टरांकडे मागा. दोन्ही कागद घेऊन दोघंही एकत्र जा. शंका असेल तर डॉक्टर सेटिंग थोडं बदलून काही आठवडे बघू म्हणतील, आवडलं नाही तर जुनं सेटिंग मशीनमध्ये परत आणता येतं, तुमचं काही कायमचं जाणार नाही. तोपर्यंत मोटारसायकलची किल्ली बायकोकडे ठेवा. तिने मागायच्या आधी तुम्ही द्या.